घुमट आरतीच्या नोटा ग्रिडवर ओढल्या आणि आरतीच लंगडी झाली

कासाळेवाला | रविवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

गाव माशेल. आमच्या वाड्यावर चवथीला घुमट (कातडं लावलेलं मातीचं भांडं), शामेळ (काठीने वाजवायचा ढोल), कासाळे (झांजा) असा सगळा ताफा असतो. पूर्वी पोरं श्रावण लागला की रात्री देवळात जमायची आणि हात साफ करायची. आता चौघे दुबईला, दोघे बेंगळुरूला, एक बोटीवर. सगळे आदल्या रात्री उतरणार, घुमट गळ्यात अडकवणार आणि मग पहिल्याच आरतीला एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहणार. गेल्या वर्षी तेच झालं.

म्हणून ठरवलं की सरावासाठी ट्रॅक करायचा. एकेक वाद्य बंद-चालू करता आलं पाहिजे, म्हणजे शामेळवाल्याने शामेळ बंद करून बाकीच्यांबरोबर वाजवायचं. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, भाच्याचा छोटा कीबोर्ड आणला. घरच्या घुमटाचे दोन-तीन ठोके फोनवर रेकॉर्ड करून ते कीबोर्डच्या पट्ट्यांना जोडले. मोकळा ठोका ४८ नंबरला, बंद ठोका ५० ला. शामेळ, कासाळे पुढच्या पट्ट्यांवर. खाली सूर म्हणून पेटीचा सा-प. गेल्या वर्षीच्या आरतीचं फोनवरचं रेकॉर्डिंग होतं, ते कानाला लावून त्यावर सगळं वाजवलं.

वाजवलं तेव्हा बरं वाटलं. मग दिसलं की नोटा रेषांवर बसलेल्याच नाहीत, सगळ्या इकडे-तिकडे. सगळ्या निवडल्या, क्यू दाबलं, शंभर टक्के क्वांटाइझ, म्हणजे प्रत्येक नोट जवळच्या रेषेवर ओढून बसवली. पहिल्या दोन ओळी ठीक, पुढे आरती लंगडायला लागली आणि शेवटी तर घुमट एकीकडे, शामेळ तिसरीकडे. थोरल्या काकांना ऐकवलं. त्यांनी अर्ध्या मिनिटात हेडफोन काढला आणि म्हणाले, "हें घुमट न्हय रे पुता, हें घड्याळ. आनी तेंय बिघडिल्लें."

आणखी दोन दुखणी. घुमटाचा आवाज मधूनच पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ होतो. आणि स्टॉप दाबलं तरी पेटीचा सा वाजतच राहतो, थांबायचं नावच घेत नाही. परवा रात्री वीज गेली तेव्हा कुठे गप्प झाला.

---

मांडवीपार | रविवार, रात्री ११:३०

सा थांबवण्यासाठी वीज जायची वाट बघणारा पहिला संगीतकार. दंडवत घ्या.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

लूपलूप | रविवार, रात्री ११:५१

आधी चार प्रश्न, मग उपाय. रेकॉर्ड करताना टेंपो किती ठेवला होता? रेकॉर्डिंग ऐकायला काय वापरलं, वायरचा हेडफोन की ब्लूटूथ? एकावर एक फेऱ्या मारून लूपमध्ये वाजवलंस का? आणि क्वांटाइझ करायच्या आधीची फाइल शिल्लक आहे का? शेवटचं 'नाही' असेल तर बाकी तिघांना फारसा अर्थ नाही.

---

कासाळेवाला | सोमवार, सकाळी ७:०५

टेंपो ९०, कारण सुरुवातीची लय मोजली तर तेवढी आली. ब्लूटूथ स्पीकर. हो, लूपमध्येच, पसंत पडेपर्यंत चार-पाच फेऱ्या. आधीची फाइल आहे. 'आरती_फायनल' नावाने. बिघडलेली आहे ती 'आरती_फायनल_खरंच'.

---

शून्यचॅनल | सोमवार, सकाळी ९:४०

तुमच्या उत्तरांतच तीनही रोग दिसतात. सोप्यापासून सुरू करतो.

पोकळ आवाज. लूपमध्ये फेऱ्या मारताना जुन्या नोटा पुसल्या जात नाहीत, नवीन त्यांच्यावर चढत जातात. एकाच पट्टीच्या दोन नोटा पाच-दहा मिलिसेकंदांच्या अंतराने वाजल्या की दोन्ही लहरी एकमेकींचा काही भाग खातात आणि डब्यासारखा आवाज येतो. पडद्यावर मात्र एकच नोट दिसते, कारण दुसरी बरोबर तिच्याखाली लपलेली असते. खात्री करायची असेल तर संशय असलेली नोट उचलून दोन पट्ट्या वर सरकवा. जागेवर अजून एक उरली तर पकडली. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये दुहेरी किंवा एकमेकींवर चढलेल्या नोटा साफ करायची आज्ञा असते, ती शोधा. पण आधी हाताने पाच-सहा बघा, म्हणजे नक्की काय साफ होणार ते कळेल.

न थांबणारा सा. मिडीमध्ये (कीबोर्ड आणि संगणकाच्या निरोपांच्या भाषेत) 'स्वर वाजव' आणि 'स्वर सोड' हे दोन वेगळे निरोप आहेत. दुसरा निरोप हरवला तर पहिला अनंतकाळ चालू. पण तुमच्या बाबतीत मला पेडलचा संशय आहे. कीबोर्डला पाय-पेडल होतं का? त्याचा कंट्रोलर ६४ नंबरचा. दाबलं की १२७ जातो, सोडलं की ०. शेवटचा तुकडा कापून टाकताना तो ० त्याच्याबरोबर कचऱ्यात गेला असेल तर यंत्राच्या लेखी तुमचा पाय अजून पेडलवरच आहे. नोटांच्या खालच्या पट्टीत ६४ निवडून बघा. तात्पुरतं गप्प करायला बहुतेक ठिकाणी सगळ्या नोटा बंद करणारं बटण असतं, मेन स्विचकडे धावू नका.

आता ब्लूटूथ. हे सगळ्यात मोठं. तुम्ही पट्टी दाबता ती वेळ संगणक बरोबर टिपतो. पण ज्या रेकॉर्डिंगच्या जोडीने वाजवता ते स्पीकरातून तुमच्या कानाशी उशिरा पोचतं. ब्लूटूथला हा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज होतो. तुम्ही कानाला प्रामाणिक राहून वाजवलंत आणि सगळ्या नोटा सारख्याच उशिराने पडल्या. हा दोष क्वांटाइझने जात नाही, कारण ते प्रत्येक नोटेला जवळच्या रेषेकडे खेचतं आणि जवळची रेषा आता चुकीची आहे. साधा मेट्रोनोम लावा, त्याच स्पीकरवर ऐकत एकच पट्टी सोळा वेळा वाजवा, नोटा रेषेच्या किती मागे पडतात ते मोजा. जे अंतर येईल तेवढ्याने सगळ्या नोटा एकत्र डावीकडे सरकवा. एकेक नाही, सगळ्या एकदम. आणि पुढच्या वेळी वायर.

---

तिहाई | सोमवार, दुपारी १:१५

शून्यचॅनल यांच्याशी सहमत, पण मूळ दुखणं वेगळं वाटतं. आरती ९० ला सुरू होते हे मान्य. संपते कितीला?

मी पुण्यात तबला शिकते. लहानपणी चवथीला फोंड्याला आजोळी असायचे. शेवटच्या आरतीला लय कुठे जाते ते मी बघितलंय. ९० च्या ग्रिडवर ती आरती बसवणं म्हणजे वाढत्या पोराला पहिलीतला गणवेश घालणं.

---

कासाळेवाला | सोमवार, रात्री ९:२०

ताई, मोजलं. आठ मात्रांचं पहिलं आवर्तन ५.३ सेकंदांचं, शेवटचं ३.७ चं.

पेडल होतंच! भाच्याने जोडून दिलं होतं, मी त्यावर पाय ठेवून बसलो होतो. ६४ च्या पट्टीत १२७ दिसतो आणि पुढे काहीच नाही. ० घातला, सा गप्प. शून्यचॅनल, तुमच्या नावाने एक नारळ.

---

लूपलूप | सोमवार, रात्री १०:४५

५.३ सेकंद म्हणजे साधारण ९० ची लय, ३.७ म्हणजे १३०. आता तुझी आरती का लंगडली ते बघ. ९० च्या लयीत पाव मात्रा १६७ मिलिसेकंदांची. म्हणजे क्वांटाइझ एखाद्या नोटेला जास्तीत जास्त ८३ मिलिसेकंद मागे किंवा पुढे ओढू शकतं. शेवटाकडे तुमची खरी पाव मात्रा ११५ ची झालेली, पण रेषा अजून १६७ वरच. मग एक ठोका डावीकडच्या रेषेला, पुढचा उजवीकडच्या, कधी दोन ठोके एकाच रेषेवर. सुरुवात बरी वाटते आणि पुढे बिघडत जाते, ते यामुळेच.

उपाय उलटा आहे. नोटा ग्रिडकडे ओढू नकोस, ग्रिड नोटांकडे ओढ.

हे असं कर. जुनी फाइल उघड. नोटांचा ट्रॅक म्यूट कर, फक्त फोनवरचं रेकॉर्डिंग ऐक. प्रत्येक समेवर एक खूण टाक, ऐकता ऐकता एक बटण दाबत गेलास तरी चालेल. मग त्या प्रत्येक खुणेवर बार, म्हणजे नवं आवर्तन, सुरू होईल अशा बेताने टेंपोच्या खुणा टाक. दोन समांमध्ये आठ मात्रा आहेत हे यंत्राला सांगितलं की मधला टेंपो ते स्वतः काढतं. पहिला बार ९०.६, दुसरा ९१.२, असं काहीतरी येईल. आकडे वेडेवाकडे दिसले तर घाबरू नकोस, माणसांची लय तशीच असते.

एक धोका, इथे सगळे आपटतात. टेंपो बदलला की मिडी नोटा मात्रेला चिकटून हलतात. तू रेषा सरकवशील आणि नोटा रेषांबरोबरच पळतील, म्हणजे परत पहिल्या घरी. म्हणून आधी सेटिंगमध्ये नोटा आणि रेकॉर्डिंग दोन्ही वेळेला बांधून ठेव, मात्रेला नाही. सगळा नकाशा झाल्यावर परत मात्रेला बांध. आधी दोनच बारांवर करून बघ, नोटा जागच्या हलत नाहीत याची खात्री झाली की पुढे जा.

नकाशा बसला की मग, हवं असेल तरच, क्वांटाइझ. तेही पन्नास टक्के ताकदीने. नोट रेषेपासून ३० मिलिसेकंद लांब असेल तर १५ वर येईल. आणि फक्त शामेळ व कासाळ्यांना. घुमटाला हात लावू नकोस.

---

जुना_ऑर्गनवाला | मंगळवार, सकाळी ६:१०

म्हापशाहून लिहितो. वय विचारू नका. जत्रांच्या नाटकांना तीसेक वर्षं ऑर्गन वाजवला आहे, देवळाच्या मंडपात, पहाटेपर्यंत.

तुम्ही लोक नोटांच्या पडद्याला पियानो रोल म्हणता, तो शब्द कुठून आला ते या मुलांना ठाऊक असावं. आपोआप वाजणारे पियानो असायचे, त्यांत भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरायची. भोक जितकं लांब तितका स्वर लांब. तुमच्या पडद्यावरच्या त्या आडव्या पट्ट्या म्हणजे ती भोकंच. तेव्हा कागदाला ठिगळ लावायचे, आता उंदराने ओढतात. इतकाच फरक.

माझं म्हणणं वेगळं आहे. नटाला टाळी मिळाली की तो ओळ परत घ्यायचा, आणि कुठून घेणार ते त्याच्या खांद्यावरून कळायचं. मी ऑर्गनवरून त्याच्या खांद्याकडे बघत असे. आरतीतही तसंच. लय चढवायची ती घुमटवाला ठरवतो, बाकीचे त्याच्या मानेकडे बघतात. ट्रॅकवर सराव केलेली पोरं मान वर करतील का? हेडफोनवर पाठ केलेली लय घेऊन येतील आणि चवथीच्या रात्री मुख्य घुमटवाल्याने वेग जरा वेगळा घेतला की सगळे त्याच्यावर डोळे वटारतील.

---

कासाळेवाला | मंगळवार, सकाळी ८:३०

काका, तुमचं खरं आहे. पण दुबईत मान बघायला घुमटवालाच नाही. त्यांना निदान कुठल्या ओळीला लय चढते एवढं कळावं, बाकी आल्यावर.

---

तिहाई | मंगळवार, सकाळी १०:०२

काकांच्या प्रश्नावर एक तोडगा. एकच नकाशा करू नका, तीन करा. एकात लय लवकर चढते, एकात उशिरा, एकात मधेच थोडी दबते. नोटा त्याच, फक्त टेंपोच्या खुणा बदलायच्या. पोरांना आलटून पालटून पाठवा. पाठ करताच येणार नाही, ऐकावंच लागेल.

आणि 'स्विंग' नावाचा आकडा दिसला तर जपून. रॉजर लिन यांनी १९८० च्या एलएम-१ या ड्रम यंत्रात ठोके सरळ करायची आणि झुलवायची, दोन्ही सोयी दिल्या. पन्नास टक्के म्हणजे सरळ, सहासष्टच्या आसपास म्हणजे तिस्र जातीचा झोल. आपला भजनी ठेका या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो, आणि लय चढली की तो झोल कमी होत जातो. १३० ला कुणी झुलत नाही. म्हणून अख्ख्या आरतीला एकच स्विंग लावलात तर शेवट पुन्हा घसरेल.

---

डिचोलीचा_माठ | मंगळवार, दुपारी ३:२५

घुमट वाजवतो, म्हणून तेवढ्यावरच बोलतो.

फोनवर दोन-तीन ठोके घेतलेस असं लिहिलंयस. तिथेच गोची आहे. सगळे मोकळे ठोके एकाच रेकॉर्डिंगमधून येणार, म्हणजे तोच ठोका शंभर वेळा. कान तिसऱ्या वेळेलाच ओळखतो. एकाच जातीचे निदान पाच-सहा ठोके घे आणि ते आळीपाळीने वाजतील असं लाव. परत हलक्या हाताचे वेगळे, जोराचे वेगळे. हलका ठोका म्हणजे मोठ्या ठोक्याचा आवाज कमी केलेला नव्हे. हलक्यात कातडं जास्त ऐकू येतं, मातीचं भांडं कमी.

कातड्यावरून आठवलं. जुन्या घुमटांना घोरपडीचं कातडं असायचं. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते आता लावता येत नाही आणि लावूही नये. बकऱ्याच्या कातड्याचं घुमट पावसात उतरतं. म्हणून सगळे ठोके एकाच दिवशी, एकाच बैठकीत घे. अर्धे सकाळी आणि अर्धे पाऊस पडून गेल्यावर घेतलेस तर दोन वेगळी घुमटं वाटतील. मी स्वतः हे करून बसलोय.

आता डावा हात. उजवा कातड्यावर असतो आणि डावा मागच्या लहान तोंडावर, उघड-झाक करत. तोंड झाकत नेलं की आवाज वाकतो. घुमटाची सगळी गंमत त्या वाकण्यात. तुझ्या नोटांत ते कुठेच नसणार, कारण कीबोर्डला मागचं तोंड नाही. निदान समेच्या ठोक्याला तरी पिच बेंडने (स्वर वर-खाली वाकवायच्या निरोपाने) ते घाल. वक्र सरळ रेषेत काढू नको, सुरुवातीला सपाट ठेवून मग पटकन वळव. हात तसाच वळतो.

व्हेलॉसिटीबद्दल, म्हणजे नोट किती जोरात दाबली त्या आकड्याबद्दल: तुझ्या सगळ्या नोटा ११० ते १२७ मध्ये असतील अशी माझी पैज. कीबोर्डवर माणूस घुमटासारखा आपटतो. सम १०५, मधले ७० ते ८०, भरीचे चाळीसच्या खाली आण. खाली म्हणजे खरंच खाली. ऐकू येईल का अशी शंका यावी इतकं. बंद केलं की मात्र चुकल्यासारखं वाटतं.

---

मांडवीपार | मंगळवार, दुपारी ४:००

२०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा त्याचा मिडी नंबर मात्र जाहीर करायला विसरले. कासाळेवाल्याने ती उणीव भरून काढली: ४८ आणि ५०.

---

काळी_चार | मंगळवार, रात्री ८:१५

थोडं अवांतर, पण याच गाडीतला प्रश्न. मी भजन गाते, पट्टी नावातच आहे. रियाजासाठी याच पद्धतीने पेटी आणि तानपुरा लावते. पेटीचा गंधार मला टोचतो, चढा वाटतो. कुणीतरी सांगितलं की पिच बेंडने नोट थोडी उतरव. उतरवली, तर गंधाराबरोबर खालचा सा आणि प पण उतरले. माझा तानपुराच घसरला. असं का?

---

शून्यचॅनल | मंगळवार, रात्री ९:५०

ताई, तुमचा कान बरोबर आहे. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग असतात, त्यात गंधार सा पासून ४०० सेंटवर (एका अर्धस्वराचे शंभर सेंट). तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार ५:४ चा, म्हणजे ३८६ वर. चौदा सेंटचा फरक, गाणाऱ्याला टोचणारच.

काळी चारचा सा मिडीत ५६ धरला तर गंधार ६० नंबर. पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात, मध्य ८१९२. दोन्हीकडे दोन-दोन अर्धस्वरांची नेहमीची मर्यादा असेल तर ८१९२ पायऱ्यांत २०० सेंट बसतात, म्हणजे चौदा सेंटला सुमारे ५६० पायऱ्या. गंधाराच्या आधी बेंड ७६३० च्या आसपास न्या, गंधार संपला की परत ८१९२. परत आणायला विसरलात तर पुढचं अख्खं भजन बेसूर.

आता तानपुरा का घसरला. पिच बेंड हा निरोप एका स्वराला जात नाही, अख्ख्या चॅनलला जातो. चॅनल सोळा असतात, तुम्ही सगळं एकावर ठेवलंय. सा-प दुसऱ्या चॅनलवर न्या, काम झालं. प्रत्येक स्वराला वेगळं वाकवायची सोय एमपीई या पद्धतीत आहे, २०१८ मध्ये ती मिडीच्या नियमांत आली. पण ती तरी काय करते? प्रत्येक स्वराला स्वतःचा चॅनल देते. तुमच्या कामाला दोन चॅनल पुष्कळ.

कासाळेवाले, हे तुम्हालाही लागू. घुमट वाकवाल तेव्हा शामेळ त्याच चॅनलवर असेल तर तोही वाकेल. आणि नोटा कापून दुसरीकडे चिकटवताना बेंड बरोबर आलं का ते बघा. नोटांची निवड केली म्हणजे खालच्या पट्टीतल्या ठिपक्यांची झाली असं नसतं.

---

काळी_चार | मंगळवार, रात्री १०:३०

दोन चॅनल केले. गंधार लागला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज पेटी बरी वाजते गो." तिला काही सांगितलं नव्हतं.

---

कासाळेवाला | शनिवार, रात्री ११:५५

चार दिवस गायब होतो, कारण हेच करत होतो.

ब्लूटूथचा उशीर मोजला, १८० मिलिसेकंद. सगळ्या नोटा तेवढ्या डावीकडे घेतल्या. निम्मं दुखणं तिथेच गेलं, शपथ. दुहेरी नोटा साफ केल्या, एकट्या घुमटात शंभराच्या वर निघाल्या. मग समेच्या खुणा टाकल्या. वेळेला-मात्रेला बांधण्याचं लूपलूपने बजावूनही पहिल्यांदा विसरलो, एक रात्र वाया. दुसऱ्यांदा जमलं. रेषा आता सुरुवातीला विरळ आणि शेवटाकडे दाट दिसतात. पडद्यावर आरती चढताना दिसते. हे बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

घुमट नवीन रेकॉर्ड केलं, दुपारच्या उन्हात, अंगणात बसून. शेजारचा कोंबडा दोन ठोक्यांत आहे. मोकळे सहा, बंद सहा, हलके वेगळे. पैज डिचोलीच्या माठाने जिंकली: सगळ्या नोटा ११२ च्या वर होत्या. एकेक करून खाली आणल्या. सगळ्या निवडून एकदम कमी करायचा मोह झाला होता, पण मग सम आणि भरीचे ठोके सारखेच दबतात.

समेच्या ठोक्याला डावा हात घातला. पहिले पाच ठोके कार्टूनसारखे वाजले, इतकं वाकवलं होतं. मग काकांना शेजारी बसवलं. ते नुसता हात हवेत फिरवायचे आणि मी तो वक्र उंदराने काढायचा. एका समेला आमची वीस मिनिटं गेली. पडदा न बघता हाताकडे बघून काढलेला वक्रच शेवटी बरा वाजला. ऑर्गनवाले काका, मान नाही तर हात तरी बघितला.

शेवटी काकांनी पूर्ण ऐकलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शामेळ मातशें फाटीं जाय." शामेळ मी क्वांटाइझ केला होता, पन्नास टक्के. तो अख्खा वीस टिक मागे सरकवला, एका मात्रेचे ९६० टिक या मोजणीत. ९० च्या लयीत १४ मिलिसेकंद. परत ऐकवलं. "आतां बस."

---

डिचोलीचा_माठ | रविवार, सकाळी ७:४०

काकांना नमस्कार सांग. शामेळ काठीने वाजतो, ठोका तिखट असतो, म्हणून बरोबर रेषेवर ठेवला की पुढे पळाल्यासारखा वाटतो. हे मला करायचं माहीत होतं, सांगायचं सुचलं नव्हतं.

---

लूपलूप | रविवार, सकाळी ११:२०

भारी काम. पोरांना पाठवलंस का?

---

कासाळेवाला | रविवार, रात्री ८:०५

पाठवलं, आणि फजिती झाली. फाइल मोठी नको म्हणून मिडी फाइल पाठवली, सहा-सात केबीची. दुबईहून फोन, "पात्रांव, हें कितें? आरती पियानोर?" घुमट, शामेळ, कासाळे, सगळं पियानोवर. म्हटलं चॅनल बदलून बघतो, दहा नंबर तालवाद्यांचा असतो असं वाचलं होतं. तो लावून परत पाठवली. आता म्हणे बोंगो आणि कोंगा वाजतात.

---

शून्यचॅनल | रविवार, रात्री ८:४०

मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच हो. कुठली पट्टी, किती जोरात, कधी दाबली आणि कधी सोडली, एवढंच. तुमचं अंगणातलं घुमट तुमच्याच संगणकात राहिलं. त्यांच्याकडे जे वाद्य होतं त्यावर तुमचे निरोप वाजले. दहा नंबर चॅनलवर ६० म्हणजे बोंगो आणि ६४ म्हणजे कोंगा, हे १९९१ पासून ठरलेलं आहे. तुमचा शामेळ नेमका त्या पट्ट्यांवर असणार.

प्रत्येक वाद्याची वेगळी एमपीथ्री काढा, चारही एकाच क्षणापासून सुरू होतील अशा. फोनवर चार ट्रॅक एकत्र वाजवणारी ॲप्स असतात, त्यात नको ते म्यूट करतील. नाहीतर चार मिश्रणं करून द्या: घुमटाशिवाय, शामेळाशिवाय, कासाळ्यांशिवाय आणि सगळ्यांसकट.

---

कासाळेवाला | रविवार, रात्री ११:३०

चार मिश्रणं पाठवली. बोटीवरच्याला सिग्नल मिळेल तेव्हा मिळेल. बेंगळुरूवाला म्हणतो कासाळ्यांशिवायचं परत पाठव, त्यात कोंबडा फार स्पष्ट ऐकू येतो.

---

मांडवीपार | रविवार, रात्री ११:३४

कोंबडा काढू नकोस. सम त्याने बरोबर घेतली आहे.